तास संपल्यावरचं कॉलेज

बारावीचा निकाल लागला की आपल्या जिल्ह्यात घरोघरी एकच विषय असतो, ॲडमिशन. उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रिमिलेअर, डोमिसाइल, सेतू केंद्रातली रांग. कॉलेजबद्दल विचारायचे प्रश्नही ठरलेले असतात. कट-ऑफ कितीला लागला? फी किती? प्लेसमेंट होते का? तिन्ही प्रश्न रास्त आहेत. पण चौथा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही: तास संपल्यावर त्या कॉलेजात मुलं काय करतात? ही टिपणं त्या चौथ्या प्रश्नाबद्दल आहेत.

०

अहिल्यानगर (कालपरवापर्यंतचा अहमदनगर) हा क्षेत्रफळानं राज्यातला सर्वांत मोठा जिल्हा आहे. चौदा तालुके, सतरा हजार चौरस किलोमीटर. अकोले तालुक्यात धो धो पाऊस आणि भाताची खाचरं, तर पाथर्डी-जामखेडला कोरडवाहू रानं आणि ऊसतोडीला बाहेर जाणारी माणसं. एवढ्या जिल्ह्यातल्या मुलांना एकच सल्ला देता येणार नाही. बहुतेकांपुढे तीन वाटा असतात. तालुक्याचं कॉलेज, नगर शहर किंवा लोणी-संगमनेर-कोपरगावसारखं शिक्षणाचं गाव, आणि तिसरी वाट पुण्याची. तिन्ही ठिकाणी चांगला अभ्यास होऊ शकतो आणि तिन्ही ठिकाणी मूल एकटंही पडू शकतं.

०

अहमदनगर कॉलेज १९४७ साली डॉ. भा. पां. हिवाळे यांनी सुरू केलं. पुणे विद्यापीठ स्थापन झालं १९४९ मध्ये. म्हणजे हे कॉलेज आपल्या विद्यापीठापेक्षा वयानं मोठं आहे. पदवीसाठी पुण्या-मुंबईला जाणं ज्यांना परवडत नव्हतं, त्यांच्या दारात कॉलेज आलं. नगरला शिक्षणाचा वारसा त्याआधीचाही आहे. अमेरिकन मराठी मिशनचं काम इथे १८३१ पासूनचं, आणि सावित्रीबाईंनी शिक्षिकेचं प्रशिक्षण घेतलं ते मिशनच्या मिस फॅरार यांच्याकडे, नगरमध्येच. तेव्हा ‘नगरला काय आहे, पुण्याला जा’ असं म्हणण्याआधी जरा थांबावं.

०

कॉलेजचा जिवंतपणा ही शहरी चैन आहे, असं गावाकडच्या पुष्कळ पालकांना वाटतं. त्यांना कर्मवीर भाऊराव पाटलांची आठवण करून द्यावी. १९२४ साली साताऱ्यात त्यांनी वसतिगृह काढलं. सगळ्या जातींची मुलं एकत्र राहिली, एकत्र स्वयंपाक करून एका पंगतीत जेवली. नंतर ‘कमवा आणि शिका’ आलं. त्या मुलांनी विहिरी खणल्या, शेतं पिकवली आणि पदव्याही मिळवल्या. अभ्यास एकीकडे आणि सहजीवन दुसरीकडे, अशी वाटणी कर्मवीरांनी केलीच नाही. श्रीरामपूरचं बोरावके महाविद्यालय (१९६०), कर्जतचं दादा पाटील महाविद्यालय (१९६४), कोपरगावचं सद्गुरू गंगागीर महाराज महाविद्यालय (१९६५) ही कर्मवीरांच्या रयत शिक्षण संस्थेची कॉलेजं त्याच मुळातून आलेली आहेत. मुलांनी एकत्र राबणं, एकत्र जेवणं आणि आपल्या संस्थेचा अभिमान बाळगणं आपल्या मातीत शंभर वर्षं मुरलेलं आहे.

०

नागराज मंजुळे करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे. पुणे विद्यापीठातून मराठी एम.ए. केल्यावर ते नगरच्या न्यू आर्ट्स, कॉमर्स अँड सायन्स कॉलेजात संज्ञापन शिकायला आले. तिथे शिकत असताना केलेल्या ‘पिस्तुल्या’ या लघुपटाला पुढे पदार्पणाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. ‘फँड्री’ आणि ‘सैराट’ नंतर आले.

या गोष्टीत प्रसिद्धीपेक्षा मला दुसरंच महत्त्वाचं वाटतं. अभ्यासक्रमासाठी करायचं काम आणि मनात खदखदणारं काम त्या काळात एक झालं. चांगल्या कॉलेजात असं घडायला जागा असते. तिथे प्रॅक्टिकल म्हणजे जर्नल पूर्ण करून सही घेणं एवढंच राहत नाही. कॉलेज निवडताना विभागप्रमुखांना विचारावं: गेल्या वर्षी तुमच्या मुलांनी स्वतःचं म्हणून काय केलं? उत्तरात प्रकल्पांची नावं आणि मुलांची नावं आली तर विभाग जिवंत आहे. नुसती निकालाची टक्केवारी आली तर अजून दोन ठिकाणी चौकशी करावी.

०

शेवटची एसटी. ग्रामीण जिल्ह्यात कॉलेज-जीवनाचा निर्णय प्राचार्यांपेक्षा तीच जास्त करते.

मुलगी वक्तृत्वात हुशार आहे. स्पर्धेची तयारी चारनंतर, आणि तिच्या गावची शेवटची गाडी साडेचारला. कबड्डीचा सराव संध्याकाळी असतो, गाडी मात्र त्याआधीच सुटते. नाटकाची तालीम रात्री नऊपर्यंत चालते, म्हणून नाटकात गावातलीच मुलं दिसतात. ज्याचं घर लांब, त्याचं कॉलेज फक्त तासांपुरतं. मुलींच्या बाबतीत तर हे जवळजवळ नियमासारखं होतं.

सरकारनं सवलती दिल्या आहेत. बारावीपर्यंत मुलींना एसटीचा पास अहिल्याबाई होळकर योजनेत मोफत मिळतो, पुढे विद्यार्थी म्हणून सवलतीचा पास असतो. जुलै २०२४ च्या निर्णयानुसार आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण आणि परीक्षा फी माफ आहे. या गोष्टींनी कॉलेजचं दार उघडलं, ते मोलाचं आहे. पण कॉलेजात दोन तास जास्त थांबायचं तर संध्याकाळची गाडी लागते, नाही तर वसतिगृह लागतं.

म्हणून फीचा तक्ता बघितला की लगेच एसटीचं वेळापत्रक बघावं. दोन कॉलेजं अभ्यासात सारखी असतील, तर ज्याच्या आवारात मुलींचं वसतिगृह आहे किंवा जिथून सहानंतर गाडी आहे, ते निवडावं. आणि जी कॉलेजं सराव, तालमी, ग्रंथालय यांच्या वेळा गाडीच्या वेळेशी जुळवून घेतात, ती मुलांचा खरा विचार करतात.

०

लोणीचं प्रवरा, संगमनेरचं अमृतवाहिनी आणि कोपरगावचं संजीवनी ही तिन्ही अभियांत्रिकी महाविद्यालयं १९८३ सालची. त्या वर्षी राज्यानं विनाअनुदानित अभियांत्रिकी कॉलेजांना वाट मोकळी केली आणि सहकारी साखर कारखानदारीनं उभ्या राहिलेल्या या भागानं ती लगेच धरली. आशियातला पहिला सहकारी साखर कारखाना पद्मश्री विठ्ठलराव विखे पाटलांनी प्रवरेकाठी जिथे उभारला, तिथेच पुढे अभियांत्रिकी आणि वैद्यकीय शिक्षण आलं.

गावातल्या अशा कॅम्पसचा एक फायदा शहराला मिळत नाही. बाहेर मॉल नाही, थिएटर नाही, म्हणून संध्याकाळ मैदानावर, मेसमध्ये आणि होस्टेलच्या गच्चीवर जाते. चार वर्षं एकाच आवारात काढलेली मुलं पुढे आयुष्यभर एकमेकांना धरून राहतात. मात्र ते आवार संध्याकाळी उघडं असायला हवं. प्रयोगशाळा पाचला बंद, मैदानाला कुलूप आणि होस्टेलच्या नियमांची पाटी चार फूट लांब, असं असेल तर आवार कितीही हिरवं असलं तरी उपयोग नाही.

०

राहुरीचं महात्मा फुले कृषी विद्यापीठ हे जिल्ह्याच्या भूमीवरचं मोठं विद्यापीठ, १९६८ चं. कृषी शाखेची मुलं स्पर्धा परीक्षांत चमकतात हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्यामागे कृषी कॉलेजांतलं होस्टेलचं जीवन आहे. वरच्या वर्गातला मुलगा खालच्याला पुस्तकं देतो, नोट्स देतो, मुलाखतीची तयारी करून घेतो. पदवीच्या शेवटच्या वर्षी विद्यार्थी गावात राहून शेतकऱ्यांबरोबर काम करतात, तोही अभ्यासक्रमाचाच भाग असतो. ‘सिनिअरनं सांभाळलं’ हे वाक्य ज्या कॉलेजातल्या मुलांच्या तोंडून सहज निघतं, तिथे मूल पाठवायला हरकत नाही.

०

गॅदरिंग बघून कॉलेज ओळखता येतं, पण नीट बघितलं तर. स्टेजवर कोण आहे? बाहेरून आणलेला कलाकार आणि डीजे की कॉलेजचीच मुलं? निवेदन कोण करतंय? बक्षीस समारंभ अर्ध्या तासाचा आणि पाहुण्यांची भाषणं दोन तासांची असं तर नाही? रांगोळी, पाककृती, प्रश्नमंजूषा, वादविवाद यांत किती मुलांनी भाग घेतला? शेवटच्या बाकावरच्या मुलाच्या वाट्याला काय आलं, खुर्च्या उचलण्याचं काम तरी? खुर्च्या उचलणाऱ्या मुलालाही ते आपलं गॅदरिंग वाटत असेल, तर त्या कॉलेजचा कणा मजबूत आहे.

०

पुण्यात महाराष्ट्रीय कलोपासकची पुरुषोत्तम करंडक एकांकिका स्पर्धा १९६३ पासून चालते. सगळे कलाप्रकार एकत्र गुंफायला लावणारा फिरोदिया करंडक १९७० च्या दशकातला, आणि फिरोदिया घराणं मूळचं आपल्या नगरचं. कुंदनमल फिरोदिया स्वातंत्र्याच्या सुमारास मुंबई विधानसभेचे अध्यक्ष होते. सदाशिव अमरापूरकरांसारखा नट नगरनं दिला. आता ‘महाकरंडक’ एकांकिका स्पर्धेच्या निमित्तानं राज्यभरातले संघ नगरला येतात.

एकांकिका करणारी मुलं अभ्यासात मागे पडतात, ही पालकांची भीती मी समजू शकतो. पण तालमीत मुलं काय शिकतात तेही बघा. चाळीस मिनिटांचा प्रयोग वेळेत बसवायचा, प्रकाशयोजना ठरवायची, नेपथ्य टेम्पोत मावेल असं करायचं, खर्चाचा हिशेब द्यायचा, हरल्यावर रडून झालं की पुढच्या वर्षीची संहिता शोधायची. यातली प्रत्येक गोष्ट पुढे नोकरीत लागते आणि कुठल्याच प्रश्नपत्रिकेत विचारली जात नाही. ज्या कॉलेजात नाटकाच्या संघाची हजेरी आणि बुडालेली प्रॅक्टिकल्स यांची सोय एखादा प्राध्यापक स्वतः लक्ष घालून करतो, तिथे दोन्ही गोष्टी जमतात.

०

राष्ट्रीय सेवा योजना १९६९ साली, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी सुरू झाली. दोन वर्षांत २४० तास काम आणि सात दिवसांचं निवासी शिबिर. कागदावर सगळी कॉलेजं सारखीच. फरक शिबिरात कळतो. कुठे बॅनरपुढे झाडू धरून फोटो निघतात. कुठे मुलं खरोखर सात दिवस गावात राहतात, बांध घालतात, घरोघरी जाऊन सर्वेक्षण करतात, रात्री ग्रामस्थांसमोर बोलायला शिकतात.

शिबिराला जायला आपल्या जिल्ह्याइतकी चांगली जागा दुसरीकडे नाही. राळेगणसिद्धी इथे आहे, हिवरे बाजार इथे आहे. हिवरे बाजारचे पोपटराव पवार एम.कॉम. झालेले, क्रिकेट खेळणारे तरुण होते. गावात उच्चशिक्षित म्हणून लोकांनी त्यांना सरपंच केलं आणि त्यांनी गावाचं पाणी परत आणलं. त्यांना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली. पदवी आणि मैदान, दोन्हींचा उपयोग गावाला कसा होतो, याचं उदाहरण नगरकरांना लांब शोधावं लागत नाही.

०

नगर हे लष्कराचं गाव. रणगाडा दलाचं केंद्र, मेकॅनाइज्ड इन्फन्ट्रीचं केंद्र. साहजिकच एनसीसीचं आकर्षण इथल्या मुलांना जास्त. एक गोष्ट पालकांनी लक्षात ठेवावी. एनसीसीचं ‘सी’ प्रमाणपत्र चांगल्या श्रेणीत मिळालं आणि पदवीला किमान ५० टक्के गुण असले, तर अधिकारी होण्यासाठी लष्कराच्या विशेष प्रवेशातून लेखी परीक्षेशिवाय मुलाखतीपर्यंत जाता येतं. दोन्ही अटी एकत्र आहेत. परेड बुडवून चालत नाही आणि पदवीही बुडवून चालत नाही. खेळाडूंचंही तसंच. राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, पण त्या पदाची शैक्षणिक पात्रता लागतेच.

०

‘नॅक’ची श्रेणी जाहिरातीत ठळक छापलेली असते. ती बघावी, पण तिथेच थांबू नये. या श्रेणीमागे सात निकष आहेत. त्यातला पाचवा विद्यार्थ्यांसाठीच्या सोयी आणि त्यांची प्रगती यांचा. कॉलेजनं नॅकला दिलेला स्वयं-मूल्यमापन अहवाल संकेतस्थळावर ठेवावा लागतो. त्यातला पाचवा निकष उघडून वाचावा. किती मुलांना शिष्यवृत्ती मिळाली, किती पुढे शिकायला गेली, विद्यापीठ आणि राज्य पातळीवर खेळात-कलेत किती बक्षिसं आली, माजी विद्यार्थ्यांनी काय हातभार लावला, हे सगळं त्यात असतं. केंद्र सरकारच्या एनआयआरएफ क्रमवारीत अध्यापन, संशोधन, पदवी निष्पत्ती, समावेशकता आणि लौकिक असे पाच भाग असतात. मैदानाला त्यात स्वतंत्र जागा नाही. ती आपण आपल्या डोळ्यांनी जाऊन बघायची.

०

कॉलेजचा वार्षिकांक मागून घ्यावा, गेल्या तीन वर्षांचा. ग्रंथालयात मिळतो. मुलांच्या कविता-लेख किती आणि संचालकांचे फोटो किती, ते मोजावं. लेखाखाली कोणत्या वर्गाचं नाव आहे, विज्ञान शाखेची मुलं मराठीत लिहितात का, एखाद्या मुलीनं आपल्या गावाबद्दल मनापासून लिहिलंय का, ते वाचावं. संस्थेच्या माहितीपत्रकात जे दिसत नाही, ते वार्षिकांकात दिसतं.

०

अकरावी-बारावीला आता एक नवी रीत पडली आहे. नाव कॉलेजात, मूल क्लासमध्ये. टाय-अप असतं, हजेरी लागते, प्रॅक्टिकलचे गुण मिळतात आणि दोन वर्षांत मुलानं वर्गातला बाक पाहिलेला नसतो. नीट आणि जेईईच्या धास्तीनं पालक हे करतात. त्यांचा दोष काढत नाही, स्पर्धा खरीच जीवघेणी आहे. पण सोळाव्या-सतराव्या वर्षी मुलाला संघ मिळत नाही, आवडते सर मिळत नाहीत, भांडून पुन्हा एक झालेले मित्र मिळत नाहीत. ते मूल पुढे पदवीला जातं तेव्हा लोकांत मिसळायचं कसं इथपासून त्याची सुरुवात असते. दोन वर्षं क्लासला दिली असतील, तर पदवीचं कॉलेज तरी भरलेल्या वर्गांचं आणि भरलेल्या मैदानाचं निवडावं.

०

विद्यार्थी निवडणुका. हिंसाचार वाढल्यावर राज्यात त्या थांबल्या, आणि १९९४ च्या विद्यापीठ कायद्यानं गुणवत्तेवर प्रतिनिधी नेमायची पद्धत आणली. २०१६ च्या कायद्यानं खुल्या निवडणुकांची तरतूद पुन्हा केली, पण वर्षं उलटली तरी त्या झालेल्या नाहीत. सरपंच निवडणाऱ्या वयाच्या मुलांना वर्गप्रतिनिधी निवडता येऊ नये, हे मला मुळीच पटत नाही. निवडणुका नीट नियमांत व्हाव्यात, पैशांविना व्हाव्यात, पण व्हाव्यात. तोवर निदान मुलांना जमाखर्चासकट एखादा कार्यक्रम स्वतः चालवू देणारं कॉलेज शोधावं.

०

अमेरिकेतल्या मराठी घरांतून मुलांच्या कॉलेजबद्दल बोलणं होतं तेव्हा फुटबॉलचा विषय निघतोच. मिशिगन विद्यापीठाच्या स्टेडियममध्ये एक लाखाहून जास्त माणसं बसतात आणि तेच विद्यापीठ संशोधनातही अग्रेसर आहे. तिथले पालक दोन्ही एकत्र मागतात आणि त्यांना त्यात काही विसंगत वाटत नाही. आपल्याला लाखाचं स्टेडियम नको. चारशे मीटरचा सारखा केलेला ट्रॅक, रात्री दिवे असलेलं एक कबड्डीचं मैदान, आणि आंतरमहाविद्यालयीन सामन्याला आपल्या संघासाठी ओरडायला आलेली दोनशे मुलं, एवढं आपल्याला पुरेल.

०

पुणं. सीओईपी १८५४ चं, फर्ग्युसन १८८५ चं. परंपरा मोठ्या, अभ्यास मोठा, स्पर्धाही मोठी. ज्याला गुण आहेत आणि खर्च झेपतो त्यानं जरूर जावं. पण मुलाला विचारावं की तिथे तू कुठल्या संघात, कुठल्या मंडळात जाणार? खोलीवर तिघं, डबा लावलेला, दिवसभर तास आणि रात्री मोबाइल, अशी तीन वर्षं पुण्यात काढून परतलेली पुष्कळ मुलं आहेत. त्यांनी पुण्याची पदवी घेतली, पण पुण्यातलं कॉलेज त्यांना भेटलंच नाही. त्यापेक्षा संगमनेरात किंवा श्रीरामपुरात राहून विद्यापीठाच्या संघात खेळलेली, ‘आविष्कार’ संशोधन स्पर्धेत प्रकल्प मांडलेली, ‘इंद्रधनुष्य’ युवक महोत्सवापर्यंत गेलेली मुलगी जास्त शिकून बाहेर पडते, असं माझं ठाम मत आहे.

०

नव्या शैक्षणिक धोरणात खेळ, कला, एनएसएस, एनसीसी यांना श्रेयांक मिळू लागले आहेत. चांगलं झालं. आता ‘हे अभ्यासाबाहेरचं’ असं कोणाला म्हणता येणार नाही. फक्त श्रेयांकासाठी हजेरीपत्रकावर सही आणि प्रत्यक्षात काहीच नाही, असं होऊ देऊ नये. पालकसभेत हे विचारायचा हक्क आपल्याला आहे.

०

पालकांना एकच विनंती. यादीतली दोन-तीन कॉलेजं निवडा आणि एखाद्या कामाच्या दिवशी दुपारी तीननंतर, मुलाला बरोबर घेऊन, न कळवता तिथे जा. ग्रंथालयात मुलं बसलेली आहेत का, प्रयोगशाळेत कोणी काम करतंय का, मैदानावर कोणी आहे का, एखाद्या वर्गात तालीम किंवा चर्चा चाललीय का, एखादे प्राध्यापक अजून मुलांशी बोलत उभे आहेत का, एवढं बघा. गेटवरच्या मुलांना विचारा की घरी का गेला नाहीत. तीननंतरही भरलेलं कॉलेज दिसलं, निकाल बरे असले आणि घरी परतायला गाडी असली, तर कट-ऑफमधल्या दोन-तीन टक्क्यांचा फार विचार करू नका. तिथेच प्रवेश घ्या.